कॅमेऱ्यासमोर मुलाखत: कोकणातला घाम, लाल माती आणि निळी ताडपत्री

ओटीवरचा (धागाकर्ता)

आंब्याचा हंगाम लागला की कॅमेरे दारात येतात. शिमग्याला येतात, पावसात दरड कोसळली की येतात, आणि आता होमस्टेवाल्यांच्या तूनळी मुलाखती तर बारमाही चालू आहेत. ‘कॅमेऱ्यासमोर चांगलं कसं दिसावं’ यावर जालावर भरपूर लिहिलेलं सापडतं, पण ते वातानुकूलित स्टुडिओ धरून लिहिलेलं असतं. आपल्याकडे दमट हवा, लाल चिरा, डोक्यावर झावळ्या आणि समोर चमचमणारं पाणी. म्हणून हा धागा खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी. कॅमेरामनला त्याचं काम येतं, पण त्याला बाईट घेऊन तासाभरात पुढच्या गावाला पळायचं असतं. खुर्ची कुठे मांडायची हे यजमानाने आधीच ठरवून ठेवलं तर निम्मं काम तिथेच होतं. माझ्या मते पावडर-कपडे ही सगळी त्यानंतरची गोष्ट.

खुर्चीची जागा म्हणजे ओटीची किंवा पडवीची कड.

उघड्या खळ्यात (म्हणजे घरापुढच्या अंगणात) ढगाळ हवेतही उजेड वरूनच पडतो. भुवयांखाली खळगे काळे दिसतात, डोळे हरवतात आणि माणूस आठवडाभर झोपला नसल्यासारखा दिसतो. पडवीचं छप्पर वरचा उजेड कापतं आणि समोरच्या आकाशाचा मऊ उजेड सरळ चेहऱ्यावर येतो. खुर्ची कडेपासून तीन ते पाच फूट आत, तोंड खळ्याकडे. त्याहून आत, माजघराच्या दाराशी गेलात तर उजेड झपाट्याने कमी होतो. कॅमेरा खळ्याच्या बाजूला, म्हणजे कॅमेरामनची पाठ उजेडाकडे. मागे ओटीची भिंत किंवा दार खुर्चीपासून सहा-सात फुटांवर राहू द्या. मागचं थोडं अंधारं असलं की चेहरा आपोआप उठून येतो.

नेहमी होते ती चूक याच्या बरोबर उलटी. ‘मागे तुळशीवृंदावन आणि माड दिसू देत’ म्हणून कॅमेरा ओटीवर आत ठेवतात आणि माणसाची पाठ खळ्याकडे करतात. कॅमेरा मागच्या लख्ख उजेडाला जुळवून घेतो आणि चेहरा काळा ठिक्कर पडतो. वृंदावन दाखवायचंच असेल तर ते वेगळं टिपून नंतर जोडता येतं.

वेळ: घराचं तोंड पूर्वेला असेल तर साधारण दहानंतर, ऊन पडवीतून बाहेर सरकल्यावर. पश्चिमेला असेल तर बाराच्या आत.

---

खाडीपलीकडे

उत्तम धागा. जागेबद्दल थोडी भर.

कोब्याची लाल जमीन असेल तर उजेड तिच्यावरून उसळून हनुवटीखाली आणि नाकाखाली लाल छटा देतो. चिऱ्याची न गिलावा केलेली भिंत बाजूला तीन-चार फुटांवर असेल तर त्या गालावरही तेच होतं. पोफळीच्या किंवा केळीच्या बागेत हिरवी छटा येते, ती तर आजाऱ्यासारखी दिसते. उपाय फुकटातला: फ्रेमच्या बाहेर, पायांसमोर जमिनीवर पांढरी चादर किंवा धुतलेला पंचा पसरायचा. लाल उसळ बंद होते आणि खालून पांढरा उजेड येऊन डोळ्यांखालची सावली भरते. चादर कोरी पांढरी हवी, फुलाफुलांची किंवा पिवळी पडलेली नको.

खळ्यात झावळ्यांचा मांडव असेल तर त्याखाली मुलाखत नको. उन्हाचे ठिपके कपाळावर, नाकावर, एका डोळ्यावर नाचतात. वारा असला तर ठिपकेही हलतात. दुसरी जागाच नसेल तर डोक्याच्या दोन-तीन फूट वर पांढरी चादर ताणून बांधा. ठिपके विरघळतात.

काचेचं कौल असलेल्या घरात उन्हाचा कवडसा सरकत असतो. सुरुवातीला तो मागच्या भिंतीवर असतो आणि वीस मिनिटांत खांद्यावर येऊन बसतो. वर चढून कौलावर गोणपाट टाकून ठेवा.

---

मालवणी_वडो

आणि पावसातली निळी ताडपत्री? झडीसाठी पडवीक बांधलेली असता ती. तिच्यामागे बसलेलो माणूस निळोच दिसता!

---

खाडीपलीकडे

वडोभाऊ, ते लिहायचंच राहिलं. ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड निळा असतो आणि उघड्या बाजूने येणारा साधा. म्हणजे एक गाल निळा, एक बरा. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून होणारी रंगांची जुळवणी) सगळ्या चित्राला मिळून एकच दुरुस्ती करतो, दोन गालांना दोन नाही. निळं घालवायला गेलात तर दुसरा गाल नारिंगी होतो. बागेतल्या हिरव्या शेडनेटचं तेच. मुलाखतीपुरती ताडपत्री गुंडाळून वर बांधायची. पाऊस चालूच असेल तर तिच्यापासून लांबच्या खिडकीशी बसा.

हाच नियम घरातल्या दिव्यांना. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका पिवळा, मोठा तितका निळसर. खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्विन, जुना पिवळा बल्ब २७०० च्या आसपास आणि पांढरी एलईडी ट्यूब ६५००. तिन्ही एकदम चालू असले की चेहऱ्याचे तीन तुकडे होतात. खिडकी वापरायची तर दिवे बंद.

---

सुरंगीचा_वळेसर

आता पावडरीची गोष्ट, कारण ओटीवरचा यांनी ती फारच खाली ढकलली आहे. 🙂

कोकणात मेकअप बिघडतो तो प्रमाणामुळे कमी, क्रमामुळे जास्त. घामावर पावडर लावली की तिचा लगदा होऊन चट्टे पडतात. आधी टिपायचं, मगच पावडर.

१. मुलाखतीच्या तासभर आधी गार पाण्याने चेहरा धुवा आणि टॉवेलने दाबून कोरडा करा, घासू नका. पंख्याखाली वीस मिनिटं शांत बसा. उन्हातून आल्या आल्या काहीही लावायचं नाही. शरीर गार होईपर्यंत घाम येतच राहतो.

२. बर्फाचा खडा पातळ फडक्यात गुंडाळून कपाळ, नाक, गालांवरून दोन-तीन मिनिटं फिरवा. हे फक्त मेकअपच्या आधी.

३. जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर, आणि दहा मिनिटं थांबा. जाड क्रीम आणि खोबरेल तेल त्या दिवशी चेहऱ्याला लावू नका. दमट हवेत ते मुरत नाही आणि दिव्यात कपाळ तळलेल्या पापडासारखं चकाकतं.

४. फाउंडेशन लावायचंच असेल तर संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. रंग मनगटावर बघून घेऊ नका, जबड्याच्या कडेला लावून दाराबाहेरच्या उजेडात बघा. गळ्याच्या रंगात मिसळून दिसेनासा झाला तो आपला. ‘कॅमेऱ्यात उजळ दिसावं’ म्हणून एक छटा गोरं घेतलं तर चेहरा राखाडी आणि मान वेगळी दिसते. सावळ्या रंगाला उजळ करायची गरज मुळात नसते, त्याला नीट उजेड लागतो.

५. पारदर्शक पावडर पफने दाबून कपाळ, नाक, नाकाच्या कडा, वरचा ओठ आणि हनुवटीवर. गालांना नाही लावली तरी चालते, थोडी चमक जिवंत दिसते. घामोळ्याची पावडर वापरू नका, ती पांढरी उठते. काही बारीक सिलिका पावडरी व्हिडिओत ठीक दिसतात, पण नंतर कोणी फ्लॅश मारून फोटो काढला की पांढरे डाग दिसतात. आधी घरीच एक फ्लॅशचा फोटो काढून बघा.

पुरुषांनी पाचवी पायरी तरी कराच. टक्कल असेल तर टाळूवरही, कारण फ्रेममधली सगळ्यात चकचकीत जागा तीच असते.

मध्ये घाम आला तर साधा टिश्यू दाबून टिपा आणि वर किंचित पावडर. दर वेळी नुसती पावडरच थापत गेलात तर दहाव्या मिनिटाला थर फुटतो.

काजळ घालायचं तर वॉटरप्रूफ. ओठांना चमकदार ग्लॉस नको. खडे असलेली टिकली दिव्यात लुकलुकते, साधी मखमली टिकली बरी. ओलं कुंकू घामात ओघळतं. पिंजर लावायची सवय असेल तर जुनी पद्धतच पक्की, आधी मेणाचा ठिपका, त्यावर पिंजर.

---

चष्मिष्ट

वाचनखूण साठवली. दाढी कधी करावी? आणि कपड्यांचं काय? सगळीकडे ‘आकाशी शर्ट घाला’ असं लिहिलेलं असतं.

---

सुरंगीचा_वळेसर

दाढी मुलाखतीच्या तीन-चार तास आधी. अगदी ऐनवेळी केली तर लाल पुरळ दिसतो आणि त्यावर घाम झोंबतो. आदल्या रात्री केली तर दुपारपर्यंत जबड्यावर निळसर सावली येते. दाढी राखत असाल तर गळ्याची रेघ तेवढी साफ करा.

आकाशी शर्टाचा सल्ला मुंबईच्या एसीत बरोबर आहे. इथे नाही. फिकट निळा आणि राखाडी सुती कापड ओलं झालं की गडद पडतं आणि काखेतला, छातीवरचा प्रत्येक डाग दिसतो. क्रीम, हस्तिदंती किंवा एकदम गडद निळा, मोरपंखी, मंद तपकिरी यांत ओलेपणा लपतो. आत सुती बनियन हवंच. शर्ट दोन आणा आणि एक ऐनवेळी चढवा.

शुभ्र पांढरा कडक इस्त्रीचा सदरा पुढाऱ्यांना शोभतो, पण फोनचा कॅमेरा त्याला बघून चेहरा काळवंडवतो. बारीक चौकडी आणि बारीक पट्टे नकोत. कापडाची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांत अडकून शर्टावर लाटा वाहताना दिसतात. मोठी चौकट चालते.

साडी: जरीचा मोठा काठ खांद्यावर आला तर तिथे पांढरे चट्टे चमकतात. पदराच्या निऱ्या करून काठ बाजूला पिन करा. आणि मुलाखत स्टुडिओत असेल तर ‘मागे हिरवा पडदा आहे का’ हे फोनवरच विचारून घ्या (त्यातला हिरवा रंग काढून तिथे दुसरं चित्र घालतात). असेल तर हिरवी पैठणी घरी ठेवा, नाहीतर साडीच्या जागी नकाशा दिसेल आणि वर नुसतं डोकं.

---

कातळकडा

एवढं सगळं करून लोक शेवटी समुद्रासमोर उभे राहतात आणि सूर्यास्ताला मुलाखत देतात, त्याचं काय? मला तरी संध्याकाळचा किनारा वाईट वाटत नाही. सोनेरी उजेड असतो.

---

ओटीवरचा

उजेड सोनेरी असतो, पण तो कुठून येतो ते बघा. आपला सगळा किनारा पश्चिमेला. मागे समुद्र हवा आणि वेळ संध्याकाळची म्हटली की सूर्य माणसाच्या पाठीमागेच येणार. चेहरा काळा, पाणी पांढरं फट्ट. चेहऱ्यावर मोठा रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) किंवा जोरदार दिवा असेल तरच ते जमतं, आणि रिफ्लेक्टरने डोळे मिचकावायला लागतात.

समुद्र मागे हवा तर सकाळ. सूर्य सह्याद्रीकडून येतो, चेहऱ्यावर समोरून पडतो आणि मागचं पाणीही निळं दिसतं. मालवणच्या किनाऱ्यावरून मागे सिंधुदुर्ग किल्ला हवा किंवा हर्णैहून सुवर्णदुर्ग हवा, तरी गणित हेच. सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास. त्यानंतर ऊन चढतं आणि डोळे बारीक होतात. चेहरा सूर्याच्या बरोबर समोर न ठेवता थोडा तिरका ठेवला तर पहिल्या तासातही मिचकावणं टळतं.

मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सिंधुदुर्ग-रत्नागिरीत भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. आंब्याच्या मुलाखतींचा काळ नेमका हाच. बारा ते दोन बागेत उभं राहून बोलायचं नाही म्हणजे नाही. टोपी घातली तर अख्खा चेहराच सावलीत जातो. कलमाच्या दाट सावलीत, पण सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या जागेकडे करून उभे राहा. पडवीचंच तत्त्व.

---

कातळकडा

मान्य, पण एक सूट द्या. सूर्य बुडाल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं. मागचं आकाश आणि चेहरा यांच्या उजेडातलं अंतर तेव्हा बरंच कमी होतं आणि चेहऱ्यावर बॅटरीवरचा लहान एलईडी पुरतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जूनमध्ये सातनंतर. जागाही बदलते, डिसेंबरात नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. आदल्या संध्याकाळी जाऊन बघून या.

---

ओटीवरचा

दिली सूट. पण दहा मिनिटांत उत्तरं आटपणारा पाहुणा आणा. 😀

---

तंत्रमंत्र

कॅमेऱ्याच्या बाजूने काही गोष्टी, कारण बऱ्याच मुलाखती आता फोनवरच होतात.

फोन चेहऱ्याच्या जवळ आणू नका. दीड-दोन फुटांवरून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. फोन पाच-सहा फूट लांब तिपाईवर ठेवा आणि फोनमध्ये वेगळी लेन्स असेल तर दोनपट झूम. मागचा कॅमेरा वापरा, सेल्फीचा नको. ब्यूटी फिल्टर बंद. लेन्सची उंची बसलेल्याच्या डोळ्यांइतकी. खालून घेतलं तर नाकपुड्या आणि हनुवटीखालची घडी दिसते.

चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतात. मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. कपाळावरचा पांढरा चकाकता डाग जाईपर्यंत, त्याहून जास्त नाही. लॉक केलं नाही तर माणूस हलला की चित्र उजळ-काळं होत राहतं.

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं आणि आडवे पट्टे सरकू लागतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. १/६० ठेवाल तर पट्टे येऊ शकतात. फोनमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ५० निवडा. संध्याकाळी व्होल्टेज उतरलेलं असताना किंवा इन्व्हर्टरवर स्वस्तातले एलईडी जास्त फडफडतात, तेव्हा चार्जिंगचा दिवा बरा. छताचा पंखा दिव्याच्या खाली असेल तर पात्यांची सावली चेहऱ्यावर फिरते. तसाही तो बंदच करावा लागतो, आवाजासाठी.

एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर आल्या आल्या लेन्सवर वाफ धरते. पुसली तरी परत धरते. कॅमेरा बॅगेत बंद ठेवूनच बाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटं तसाच राहू द्या. चष्म्याचंही तेच. पाहुण्याला एसीत थंड करून एकदम पडवीत आणलं तर काचा पांढऱ्या. किनाऱ्यावर लेन्सवर खारे तुषार सुकले असतील तर कोरडं फडकं फिरवू नका, ओरखडे पडतात. किंचित ओलसर मऊ फडक्याने आधी मीठ उचला.

---

चष्मिष्ट

चष्म्याचा विषय निघालाच आहे तर: काचेत खिडकी किंवा रिंग लाईटचं गोल कडं दिसतं. चष्मा काढून बसावं का?

---

तंत्रमंत्र

काढू नका. रोज घालणाऱ्याचे डोळे चष्म्याशिवाय बारीक होतात आणि नाकावर दोन ठसे दिसतात. रिंग लाईट लेन्सभोवती लावला तर कडं येणारच. तो बाजूला ४५ अंशांवर आणि डोक्याच्या दीड-दोन फूट वर न्या. तरी दिसलं तर चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचला. काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब फ्रेमबाहेर जातं. खिडकीला हे जमत नाही, कारण ती वर उचलता येत नाही. तिथे खुर्ची फिरवा, खिडकी समोरून काढून एका बाजूला येऊ द्या.

गोल चेहऱ्यांसाठी एक युक्ती: उजेड आणि प्रश्न विचारणारा दोघेही कॅमेऱ्याच्या एकाच बाजूला बसवा. माणूस उजेडाकडे वळतो, कॅमेऱ्याकडचा गाल थोडा सावलीत जातो आणि चेहरा सडपातळ दिसतो. प्रश्न विचारणारा लेन्सला खेटून, त्याच उंचीवर. तो लांब उभा राहिला तर पाहुण्याचा एकच डोळा दिसतो. बघायचं विचारणाऱ्याकडे, मधूनच लेन्सकडे चोरटी नजर टाकायची नाही.

---

नोकरीच्या_शोधात

ऑनलाइन मुलाखतीसाठीही हेच का? लॅपटॉपवर आहे, घर वाडीत, लाईटचा भरवसा नाही.

---

तंत्रमंत्र

दोन फरक. एक, इथे बघायचं लेन्सकडेच, म्हणून समोरच्याची चौकट लहान करून लेन्सच्या बरोबर खाली सरकवा. दोन, लॅपटॉप उंच करा. चौरंग किंवा तीन-चार पाट एकावर एक, लेन्स डोळ्यांच्या रेषेत आणि चेहऱ्यापासून हातभर. डोक्यावर चार बोटं जागा सोडा.

खिडकी समोर किंवा तिरकी समोर, पाठीमागे कधीच नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज, राउटर इन्व्हर्टरवर, फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघितलेला. दिवसाची वेळ मागून घ्या, म्हणजे लाईट गेली तरी चेहरा दिसतो. पत्र्याच्या छपराखाली पावसात बोलणं ऐकूच जात नाही, तेव्हा स्लॅबची किंवा कौलांची खोली शोधा.

---

सुरंगीचा_वळेसर

कॉलर माईकचं राहिलं. हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मधोमध. बायकांचं मंगळसूत्र नेमकं तिथेच घासतं आणि प्रत्येक श्वासाला खरखर येते. मंगळसूत्र काढायला सांगण्याची गरज नाही. माईक पदराच्या काठाला, मण्यांपासून चार बोटं बाजूला लावा. वायर पदराच्या आतून. काचेच्या बांगड्या हातवारे करताना वाजतात, एका हातात दोनच ठेवा. मोठे लोंबते कानातले मान हलली की माईकपेक्षा जास्त बोलतात.

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच दिवशी धुतलेले वाऱ्यात उडतात आणि तेल लावलेले डोक्याला चिकटून टाळू चमकवतात. गजरा माळायचा तर अबोलीचा रंग कॅमेऱ्यात फार छान येतो, फक्त एक वळेसर (फुलांचा सर) एका बाजूने पुढे दिसेल असा.

---

मालवणी_वडो

आणि झोपाळो? च्यानलवाल्यांका ओटीवरच्या झोपाळ्याचा भारीच खूळ आसा.

---

ओटीवरचा

झोपाळ्यावर माणूस पुढे-मागे झाला की फोकस जातो, आणि कड्या कुरकुरतात त्या वेगळ्याच. तिथेच बसवायचं असेल तर फळीखाली दोन्ही टोकांना चिऱ्याचे तुकडे सारून ती पक्की टेकवा, कडीत तेलाचं बोट फिरवा आणि पाय जमिनीला पूर्ण टेकू द्या.

प्लास्टिकची खुर्चीही तितकीच वाईट. ती मागे झुकलेली असते, माणूस घसरतो, पोट पुढे येतं आणि हनुवटी छातीत रुतते. बिनहाताची लाकडी खुर्ची घ्या, पुढच्या दोन-तृतीयांश भागावर बसा, कंबरेतून किंचित पुढे झुका. जॅकेट किंवा लांब सदरा असेल तर मागचा घेर ओढून बुडाखाली दाबा. नाहीतर पाचव्या मिनिटाला खांदे वर येतात आणि मान नाहीशी होते.